कामठी रोडचं गॅरेज, १९६४ची इम्पाला: कामाला दाद, बिलाला आक्षेप

घाई असेल तर या गॅरेजमध्ये गाडी देऊ नका. आधीच सांगून टाकते, कारण मला फोन करणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न "किती दिवसांत देतात?" हाच असतो आणि त्याचं उत्तर तिथे कुणाकडेच नाही. मला "दिवाळीपर्यंत" असं सांगितलं होतं. कोणत्या दिवाळीपर्यंत, हे सांगितलं नव्हतं.

गॅरेजचं नाव लिहीत नाही, ती उस्तादांची, म्हणजे ते चालवणाऱ्या मिस्त्रींची अट आहे. शेडमध्ये चार गाड्यांची जागा, चारही भरलेल्या, बाहेर ताडपत्रीखाली आणखी. त्यांना नवीन गिऱ्हाईक नकोच आहे. कामठी रोडने ऑटोमोटिव्ह चौकाकडे जायचं, एवढं पुरे. नागपुरात जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही विचारा, पत्ता मिळेल. हे वाचून तुम्ही गेलातच, तर मी पाठवलं असं सांगू नका.

गाडी माझ्या मामांची. १९६४ची शेव्हरोले इम्पाला, चार दारांची हार्डटॉप, म्हणजे मधला खांब नसलेली. चारही काचा खाली केल्या की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती हवा. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, तशी ती सत्तरच्या दशकात दिल्लीहून नागपूरच्या धंतोलीत आली. पेट्रोल परवडेना तेव्हा मामांनी तिचं व्ही-८ इंजिन काढून मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलं. आज ऐकून लोक कानावर हात ठेवतात, पण त्या काळी अमेरिकन गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास चालायचं. त्यामुळेच तर त्या भंगारात न जाता रस्त्यावर राहिल्या. मामांनी शहाणपण एवढं केलं की जुनं इंजिन विकलं नाही. प्लगच्या भोकांतून तेल ओतून, प्लग परत लावून, गोणपाटात गुंडाळून ते घराच्या मागच्या खोलीत फळ्यांवर ठेवलं. शेजारी गिअरबॉक्स. त्या खोलीत आम्हा भाचरांना जायची बंदी होती.

आता एक वाद मिटवून घेते. हिला "मसल कार" म्हटलं की जाणकार अंगावर येतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, दोन दारांची गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून ही जात सुरू झाली असं मानतात. इम्पालातही १९६१ पासून ४०९ घनइंचांचं इंजिन घातलेली एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, मिळायची आणि ती खरोखर पळायची. आमची तशी नाही. आमचं २८३ घनइंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबाने ४.६ लिटरचं, १९५ अश्वशक्तीचं. तेही जुन्या मापाने, म्हणजे इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवून मोजलेली शक्ती. आजच्या आकड्यांशी तुलना करू नका. थोडक्यात, साहेबांना घेऊन फिरणारी गाडी. पण इंजिनाचं घराणं तेच, शेव्हरोलेचं "स्मॉल ब्लॉक", १९५५ पासूनचं. उस्तादांकडे शेजारी फोर्डची, २८९ घनइंचांची एक मस्टँगही उभी होती. तिच्या मालकाने आमच्या चार दारांकडे पाहून नाक मुरडलं. मुरडू दे.

या गॅरेजचं मोठेपण कशात आहे, तर नाही म्हणण्यात. त्याआधी मी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एकाने इनोव्हाचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग आणि एसी अशी थाळीच मांडली. दुसऱ्याने उघड्या तोंडाने विचारलं, "मॅडम, विकायची आहे का?" उस्तादांनी बॉनेट उघडलं, मॅटाडोरचं इंजिन पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "असली वाला कहाँ है?" मग धंतोलीत स्वतः आले. मागच्या खोलीत उकिडवे बसले, रॉकेलच्या फडक्याने ब्लॉकची पुढची बाजू, उजव्या हेडच्या खालची सपाट जागा पुसली आणि तिथला ठोकलेला नंबर मला वाचायला लावला. पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरच्या पट्टीवर गाडीचा नंबर ४१८३९ ने सुरू होतो. ४ म्हणजे १९६४, १८ म्हणजे व्ही-८ची इम्पाला, ३९ म्हणजे चार दारांची हार्डटॉप. ते सगळं त्यांना पाठ. इंग्रजी वाचता येत नाही, पण हे आकडे पाठ.

तिथेच म्हणाले, "बहनजी, यही लगेगा। दूसरा लगाना है तो दूसरे के पास जाओ।"

मी नोकरीभर एजी (महालेखापाल) ऑफिसात दुसऱ्यांच्या हिशेबांत खोड्या काढल्या. असं सरळ उत्तर देणारा ठेकेदार मला तिथे भेटला नव्हता.

इंजिन जाम होतं. फिरवायची घाई केली नाही. डिझेल आणि गिअरचं तेल मिसळून सिलिंडरांत भरून ठेवलं, मधून मधून पान्याने थोडा जोर लावला आणि एक दिवस ते कुरकुरत सरकलं. दोन सिलिंडरांत गंजाचे खड्डे होते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात ३.८७५ इंच. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे ती ०.०३० इंच वाढवून घेतली आणि त्या मापाचे पिस्टन अमेरिकेतून मागवले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फोर्ड काय आणि शेव्हरोले काय, या व्ही-८ इंजिनांचे भाग आजही नवे बनतात. स्मॉल ब्लॉक इंजिनं तर जनरल मोटर्सने २०११ पर्यंत दहा कोटी बनवली होती. त्यामुळे इंजिनाचा सामान मिळणं हा प्रश्नच नाही. प्रश्न कुरिअर आणि कस्टम ड्यूटीचा. अडतं ते दाराच्या हँडलपाशी आणि घड्याळाच्या काट्यापाशी.

लेथवाल्याकडून एक्झॉस्ट व्हाल्व्हच्या सीटाही कडक पोलादाच्या बसवून घेतल्या. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते व्हाल्व्हला गादीसारखं सांभाळायचं. आपल्याकडे २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद आहे. हे मी सुचवलं नव्हतं. उस्तादांनीच लेथवाल्याला चिठ्ठी लिहायला लावली.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी मी हजर होते. नव्या कॅमशाफ्टला, म्हणजे व्हाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, सुरुवातीलाच दोन हजार आरपीएमवर वीसेक मिनिटं सलग पळवावं लागतं. हळू सोडलं तर कॅम आणि त्यावर घासणारे टॅपेट एकमेकांना खातात. आजच्या मोटारींच्या तेलात जस्त कमी असतं, म्हणून उस्तादांनी ट्रकचं १५डब्ल्यू-४० तेल घातलं. भिंतीवर पोराने खडूने लिहून ठेवलं होतं, १-८-४-३-६-५-७-२. ठिणगी कोणत्या क्रमाने पडायची तो हा क्रम. एक वायर इकडची तिकडे झाली की इंजिन कार्बोरेटरमधून शिंकतं. शिंकलं नाही. वीस मिनिटं ते घुमत राहिलं, शेजारच्या टायरवाल्याने दुकान सोडून येऊन बघितलं, आणि उस्ताद हात मागे बांधून नुसते रेडिएटरकडे पाहत होते. आवाजाबद्दल लोक फार लिहितात, मी लिहीत नाही. या इंजिनाचा आवाज मऊ आहे, मस्टँगवाल्याला आवडला नाही.

रेडिएटरकडे का, ते नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. मे महिन्यात ४६-४७ अंश डोक्यावर असताना व्ही-८ सिग्नलवर उभं ठेवून पाहा. नुसतं पाणी उकळत नाही, पेट्रोल नळीतच उकळतं, वाफ धरते आणि गाडी बंद. जुन्या गाडीवाल्यांची ही कायमची रड. इथे मात्र डोकं चालवून काम झालं आहे. रेडिएटर पितळी टाक्यांचा जुनाच ठेवला, आत तांब्याची तीन रांगांची नवी जाळी बसवली, फॅनभोवतीचं हरवलेलं कडं पत्र्यातून घडवलं, कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा बेकलाइटचा जाड तुकडा घातला आणि पेट्रोलची नळी ब्लॉकपासून लांबून नेली. उन्हाळ्यात वर्धा रोडच्या गर्दीत दुपारी अडकले तेव्हा काटा वर गेला, पण गाडी थांबली नाही.

पेट्रोलचं दुसरं दुखणं आता नवीन आहे. पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉल. साठ वर्षांपूर्वीच्या रबराला ते चालत नाही. नळ्या फुगतात, पेट्रोल-पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा) कडक होतो, आणि गाडी उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून टाकीत गंज धरवतं. उस्तादांनी टाकी उघडून साफ केली, सगळ्या नळ्या आणि डायाफ्राम इथेनॉल सोसणारे घातले, रॉचेस्टर कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठी केली. दुसरीकडे कुठेही गाडी दिलीत तरी हे एवढं विचारून घ्या. "काही होत नाही" असं उत्तर आलं तर गाडी परत आणा.

गिअरबॉक्सचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. पॉवरग्लाइड, दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. उस्ताद म्हणाले, "ये हमने आज तक खोला नहीं। सीखना पड़ेगा। आपको चलेगा तो खोलूँगा।" मला चाललं. दुरुस्तीच्या पुस्तकाची छापील पानं मी स्पायरल बांधून नेली. मी स्टुलावर बसून वाचायची, हिंदीत सांगायची, ते उघडायचे. निघालेला प्रत्येक भाग "हितवाद" पेपरच्या पानावर, पानाच्या कोपऱ्यात नंबर. क्लच प्लेटा आणि सीलचा संच अमेरिकेहून आला. एक पट्टा घट्ट करताना पुस्तकात लिहिलेलं माप आणि त्यांच्या हाताचा अंदाज यांत भांडण झालं. पुस्तक जिंकलं. पुन्हा जोडलेला बॉक्स पहिल्यापासून साफ चालतो आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हलका झटका देतो, तो तसाच असतो म्हणतात. या कामाचे त्यांनी मजुरीचे निम्मेच पैसे घेतले. "निम्मा तो हम सीखे।"

ब्रेक चारही चाकांना ड्रम, आणि मूळ मास्टर सिलिंडर एकाच खणाचा. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेतही १९६७ पासून दोन खणांचा आला. मूळपणाचं कितीही वेड असलं तरी इथे मी अडून बसले नाही. दोन खणांचा बसवला, जुना डब्यात ठेवला.

बॉडीचं काम डेंटर चाचा करतात, ते उस्तादांचे मेहुणे. इम्पालाची फ्रेम १९६४ पर्यंत इंग्रजी एक्स अक्षरासारखी होती, बाजूंना लोखंडी दांडे नाहीत. म्हणून दाराखालचे उंबरे आणि फरशी गंजली की गाडीचा कणाच ढिला पडतो. आमची फरशी मागच्या सीटखाली गेलेली होती. चाचांनी पत्रा ठोकून नवी घडवली, मूळच्या खाचांसकट. मी पर्समध्ये फ्रिजवरचं चुंबक ठेवायची आणि चहा येईपर्यंत ते दारांवर, चाकाच्या कमानींवर लावून बघायची. पुट्टी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. चाचांना पहिल्यांदा राग आला. नंतर मी गेले की तेच म्हणायचे, "लाओ, निकालो तुम्हारा चुंबक।" सगळीकडे धरलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात नाही धरलं, ते त्यांनी उकलून पुन्हा केलं.

हार्डटॉपच्या काचा म्हणजे वेगळंच शास्त्र. मधला खांब नसल्यामुळे पुढची काच थेट मागच्या काचेला भिडते, मध्ये फक्त रबर. दोन्ही काचा आत-बाहेर, वर-खाली, पुढे-मागे हलवून जुळवायच्या. एक जुळली की दुसरी बिघडते. हे काम किती वेळ चाललं ते विचारू नका. त्या काळात मी फोन करणं सोडून दिलं होतं. शेवटी पाइपाने पाणी मारून दाखवलं, आत मी बसलेली. एक थेंब आला नाही. पावसाळ्यात मात्र मागच्या उजव्या काचेतून थोडं झिरपतं. पाइपाचं पाणी आणि नागपूरचा आडवा पाऊस यांत फरक आहे.

रंगाबद्दल. मामांनी गाडी कधीतरी निळी केली होती. फायरवॉलवरच्या पट्टीवर रंगाचा नंबर ९३६, म्हणजे अर्मिन व्हाइट, आणि डॅशबोर्डच्या मागे खरवडल्यावर तो निघालाही. रंगारी म्हणाला, पांढऱ्यात जरा मोती टाकू, चमकेल. उस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही. साधा पांढरा रंग, आणि उत्तम. सीटा सीताबर्डीतून शिवून घेतल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता आक्षेप.

पहिला, क्रोम. हे काम गॅरेज बाहेर देतं आणि परत आलेला माल तपासत नाही. बंपर एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे गेले. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, असे तीन थर हवेत आणि तांब्याच्या थराला घासून गुळगुळीत करणं हेच खरं काम. आले तेव्हा आरशासारखे दिसत होते. एक पावसाळा गेला आणि मागच्या बंपरवर फोड आले. उस्ताद म्हणतात प्लेटिंगवाल्याची चूक, प्लेटिंगवाला म्हणतो लोखंडच खराब. पैसे मी उस्तादांना दिले, मग प्लेटिंगवाल्याशी माझा काय संबंध? हे त्यांना अजून पटलेलं नाही. मागचे सहा दिवे इतके सुंदर, आणि त्यांच्या खाली हे.

दुसरा, बिलं. मजुरी साडेसहा लाख, बाहेरचा सामान कस्टमसकट सातच्या आसपास, रंग आणि पत्राकाम सव्वादोन. आकडे मला मान्य आहेत, कामाच्या मानाने जास्त नाहीत. पण यातल्या निम्म्या रकमा सिगरेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या आहेत. कशाचे किती आणि "फुटकर" किती, हे उस्तादांच्या डोक्यात. मी वही नेऊन दिली, रकाने आखून दिले. वही आता पोरं हवा भरायच्या हिशेबाला वापरतात. तुम्ही जाल तेव्हा दर आठवड्याला चिठ्ठी मागा, फोटो काढून ठेवा.

तिसरा, कागद. त्यात हे लोक काडीची मदत करत नाहीत. डिझेल इंजिन काढून मूळचं बसवलं की आरसीत इंधन आणि इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो. तो बदल आधी, मग व्हिंटेजचा अर्ज. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, शर्त ही की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. इनोव्हाच्या इंजिनवाल्यांनी याची नोंद घ्यावी. नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, मी ठेवला. बदल्यात गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे इशारा देणारं उपकरण चालू असावं लागतं, कायद्याच्या कलम १२०मध्ये तसं आहे. ते मी स्वतः वाचून उस्तादांना सांगितलं, तेव्हा ब्लिंकरचं अडलेलं काम त्याच दुपारी झालं.

बाई म्हणून तिथे कसं वाटतं, हेही दोघींनी विचारलं होतं. बसायला स्टूल मिळतं, चहा मिळतो, बोलणं अदबीचं. पहिले काही दिवस पोरं उत्तर माझ्या भाच्याला द्यायची, प्रश्न मी विचारला तरी. भाच्याला गाडीतलं काही कळत नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. शौचालय नाही, ही खरी अडचण. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, शेड बंद असते. सकाळी दहानंतर जा, आणि फोन उचलला नाही तर रागावू नका. हात तेलात असतात.

डॅशबोर्डवरचं घड्याळ बंदच आहे, ते करणारा सापडलेला नाही. मॅटाडोरचं इंजिन काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत पंपावर लागलं आहे आणि व्यवस्थित चालतं म्हणे. उस्तादांकडे पुन्हा गाडी देईन का? देईन, बंपर सोडून. नागपुरात किंवा फार तर अमरावती-वर्ध्यापर्यंत तीन थरांचं क्रोम मन लावून करणारा कुणी माहीत असेल तर खाली लिहा. दर सांगा, आणि एक पावसाळा काढलेल्या कामाचा फोटो टाका. नव्या कामाचा नको.